मानेतली नळी आणि नर्सचे पंधरा सेकंद: सेंट्रल लाईनचा संसर्ग नेमका कसा थांबतो?

आयसीयूच्या काचेतून आपला माणूस दिसला की नजर आधी मॉनिटरवर जाते, मग ऑक्सिजनच्या मास्कवर आणि मग मानेला चिकटवलेल्या त्या पारदर्शक पट्टीवर. पट्टीखालून एक नळी निघालेली असते आणि पुढे तिला दोन-तीन रंगीत तोंडं असतात. "हे काय लावलंय?" असं विचारलं की उत्तर येतं, "सेंट्रल लाईन आहे." संमतीपत्रावर सही आधीच झालेली असते. पण सही नेमकी कशासाठी केली, हे त्या धावपळीत बहुतेकांना कळलेलं नसतं.

ही नळी घालायला डॉक्टरला साधारण अर्धा तास लागतो. त्यानंतर ती आठ-दहा दिवस शरीरात राहते, आणि त्या सगळ्या दिवसांत, तिन्ही पाळ्यांत, तिला सर्वाधिक वेळा हात लावते ती नर्स. औषध देताना, रक्त काढताना, सलाईन बदलताना. त्यामुळे नळी घालताना डॉक्टरचा हात कितीही सफाईदार असला, तरी पुढे रक्तात जंतू जाणार की नाही, हे बरंचसं वॉर्डातल्या सिस्टरच्या रोजच्या कामावर ठरतं. या कामाबद्दल बोललं मात्र फार कमी जातं.

हातातली सलाईन पुरत नाही का?

बहुतेक रुग्णांना पुरते. पण हाताची शीर बारीक असते आणि तिच्यातलं रक्त हळू वाहतं. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला नॉरअॅड्रेनलिनसारखं औषध सतत द्यावं लागतं. ते हाताच्या शिरेतून बाहेर झिरपलं तर आजूबाजूची कातडी आणि मांस मरू शकतं. काही केमोथेरपीची औषधं, शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण आणि पोटॅशियमची तीव्र मात्रा यांचंही तसंच आहे.

मग अशी शीर शोधावी लागते, जिच्यात औषध पडताक्षणी भरपूर रक्तात मिसळून पातळ होईल. हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या अगदी वर असलेल्या महाशिरेतून मिनिटाला सुमारे दोन लिटर रक्त वाहतं. सेंट्रल लाईनचं टोक तिथे असतं. नळी आत जाते ती मानेतून, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा जांघेतून. जांघेतल्या नळीचं टोक मात्र पोटातल्या खालच्या महाशिरेत राहतं. दंडातल्या शिरेतून लांब नळी वरपर्यंत सरकवली तर तिला पिक लाईन म्हणतात. कॅन्सरच्या रुग्णांच्या दंडावर दिसते ती बहुधा हीच.

हे सुचलं कुणाला?

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत नेता येईल, असं त्याला वाटत होतं. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. निर्जंतुक अवजारांची कपाटं नर्स गेर्डा डिट्झेन यांच्या ताब्यात होती, त्यामुळे त्यांना पटवल्याशिवाय काही होणार नव्हतं. प्रयोग माझ्यावर करा, असं त्या म्हणाल्या. फोर्समानने त्यांना टेबलावर बांधलं, आणि त्यांच्या नकळत नळी स्वतःच्याच डाव्या हाताच्या शिरेत घातली. मग दोघं एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेले. फिल्मवर नळीचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसलं.

शाबासकी मिळायच्या ऐवजी त्याला टीका सोसावी लागली. नोबेल मिळालं ते १९५६ साली, आणखी दोघांसोबत. दरम्यान १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी सोपी युक्ती मांडली: आधी सुई, सुईतून तार, सुई काढून तारेवरून नळी, मग तार बाहेर. आज जगभरातल्या आयसीयूत सेंट्रल लाईन घालतात ती याच पद्धतीने.

जंतू शिरतात कुठून?

कातडी ही शरीराची तटबंदी आहे. सेंट्रल लाईन म्हणजे या तटबंदीला पाडलेलं भोक, आणि तिथून हृदयाच्या दारापर्यंत गेलेला सरळ रस्ता. या रस्त्यावर जंतूंना दोन वाटा मिळतात.

पहिली वाट नळीच्या बाहेरून. भोकाभोवतीच्या कातडीवरचे जंतू नळीला धरून आत उतरतात. पहिल्या काही दिवसांत हा धोका जास्त असतो. दुसरी वाट नळीच्या आतून. औषध देण्यासाठी सिरिंज जोडतात त्या तोंडाला हब म्हणतात. प्रत्येक वेळी सिरिंज जोडताना हबवरचे जंतू आत ढकलले जाण्याची शक्यता असते. नळी जितके जास्त दिवस राहील, तितकी ही दुसरी वाट महत्त्वाची ठरते.

एकदा आत शिरल्यावर जंतू नळीच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला धरतो ना, तसा. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आत अँटिबायोटिक नीट पोचत नाही, म्हणून अशा वेळी नुसतं औषध देऊन भागत नाही, बहुतेकदा नळीच काढावी लागते. थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब घसरतो. आधीच गंभीर असलेल्या रुग्णाला हा धक्का पेलतोच असं नाही.

नर्स नक्की काय करते?

इथे गोष्टी दिसायला अगदी साध्या आहेत आणि घोळही त्यामुळेच होतो. साधं काम घाईत आधी वगळलं जातं.

सुरुवात हातांपासून. हातमोजे घातले म्हणजे हात धुवायची गरज नाही, हा गैरसमज रुग्णालयातही भेटतो. मोज्यांच्या डब्यात हात घालतानाच अस्वच्छ हाताचे जंतू मोज्यांवर जातात. शिवाय मोजे घालूनच नर्सने पलंगाची कड सरकवली, पंपाचं बटण दाबलं आणि त्याच हाताने हब धरला, तर मोज्याचा फायदा रुग्णाला नाही, फक्त नर्सला झाला.

मग हब. सिरिंज जोडण्याआधी ते तोंड ७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने घासायचं असतं. नुसतं पुसणं वेगळं आणि घासणं वेगळं. पेच असलेली कड, वरचा सपाट भाग, सगळीकडून जोर देऊन पंधरा सेकंद घासायचं. काही ठिकाणच्या नियमांत पाच सेकंदही पुरेसे मानतात. पण त्यानंतर ते वाळू द्यायचं, हे सगळीकडे सारखं आहे. अल्कोहोल वाळेपर्यंत जंतू मारत असतं, म्हणून ओल्या हबवर सिरिंज टोचली की अर्धी मेहनत वाया जाते. आपल्याकडच्या वॉर्डांत आणखी एक खास दुखणं आहे ते थ्री-वेचं. औषध देऊन झालं, टोपी कुठेतरी पडली, आणि थ्री-वेचं तोंड तसंच उघडं राहिलं. उघडं तोंड म्हणजे जंतूंना आयतं दार. पडलेली टोपी परत लावायची नसते, नवी निर्जंतुक टोपी लावायची असते, आणि त्यासाठी नवी टोपी ट्रेमध्ये हाताशी असावी लागते.

ड्रेसिंगचा हिशेब वेगळा. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी बदलतात, कापसाचं किंवा गॉजचं दोन दिवसांनी. पण ड्रेसिंगची कड उचलली असेल, आत रक्त वा घाम साचला असेल, तर दिवस मोजत बसायचं नाही, लगेच बदलायचं. आपल्या उन्हाळ्यात, एसी नीट चालत नसलेल्या वॉर्डात, घामाने ड्रेसिंग सुटणं ही रोजची गोष्ट आहे. अशा वेळी वरून आणखी एक चिकटपट्टी मारण्याचा मोह होतो. त्या पट्टीने कड बसते, पण आतला ओलावा आतच राहतो. बदलताना कातडी अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडीनने घासून साफ करतात, ती वाळू देतात आणि नवीन ड्रेसिंगवर तारीख लिहितात. ती तारीख पुढच्या पाळीतल्या नर्ससाठी असते.

औषधाआधी आणि नंतर नळी सलाईनने धुवायची, याला फ्लश म्हणतात. एकदम दाबून नाही, तर थोडं ढकलायचं, क्षणभर थांबायचं, पुन्हा ढकलायचं. त्यामुळे आत भोवरे तयार होतात आणि भिंतीला चिकटलेलं औषध किंवा रक्त सुटून जातं. सिरिंज दहा मिलीची घेतात. कारण सिरिंज जितकी बारीक, तितका तेवढ्याच जोरात आतला दाब जास्त, आणि त्या दाबाने नळी फुटू शकते. फ्लश जात नसेल तर जोर लावायचा नाही. आत गुठळी असू शकते आणि जोर लावला तर ती थेट हृदयाकडे जाते.

सलाईनच्या सेटचंही वेळापत्रक असतं. साध्या सलाईनचा सेट ९६ तासांच्या आत बदलायची गरज नसते, फार तर सात दिवस चालतो. रक्त किंवा स्निग्ध पोषणद्रव्य दिलं असेल तर मात्र २४ तासांत बदलावा लागतो, कारण जंतूंनाही ते पोषण आवडतं. रोज सेट बदलला म्हणजे जास्त स्वच्छता, असं वाटतं खरं, पण प्रत्येक बदल म्हणजे नळीचं तोंड आणखी एकदा उघडणं.

डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार

२००१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट या आयसीयूच्या डॉक्टरने एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. हात धुवा. रुग्णाची कातडी क्लोरहेक्सिडीनने साफ करा. रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाका आणि स्वतः टोपी, मास्क, गाऊन, मोजे घाला. शक्यतो जांघेतून नळी घालू नका. गरज संपली की नळी काढा. यातली एकही गोष्ट नवीन नव्हती.

आधी त्यांनी नर्सना महिनाभर फक्त नोंद ठेवायला सांगितलं. एक तृतीयांशहून अधिक रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर किमान एक पायरी गाळत होते. मग व्यवस्थापनाने नर्सना अधिकार दिला: पायरी चुकली तर डॉक्टरला तिथेच थांबवा. जिथे राउंडच्या वेळी सिस्टर मागे उभ्या राहतात, तिथे हे किती अवघड आहे, हे वेगळं सांगायला नको. पण दहा दिवसांत होणाऱ्या लाईन-संसर्गाचं प्रमाण ११ टक्क्यांवरून शून्यावर आलं.

पुढे मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंनी हीच पद्धत घेतली. २००६ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. सरासरी दर हजार लाईन-दिवसांमागे ७.७ संसर्ग होते, ते दीड वर्षात १.४ वर आले. या यशाचं श्रेय फक्त कागदाला देणं चूक ठरेल. प्रकल्प सुरू झाला तेव्हा एक तृतीयांश आयसीयूंतही क्लोरहेक्सिडीन हाताशी नव्हतं. व्यवस्थापनाने ते आणून दिलं. लागणाऱ्या सगळ्या वस्तू एकाच गाडीवर ठेवल्या, म्हणजे घाईत चादर शोधायला तिसऱ्या कपाटापर्यंत जावं लागू नये.

ही गोष्ट जगभर पोचवली ती शल्यविशारद आणि लेखक अतुल गवांदे यांनी. त्यांचे वडील आत्माराम गवांदे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. अतुल गवांदे यांनी २००७ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये लेख लिहिला आणि त्यातूनच पुढे 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' हे पुस्तक आलं. आज आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत लाईन घालताना भिंतीवर किंवा केसपेपरला जी टिकमार्कची यादी दिसते, तिचं मूळ इथे आहे.

पण यादी टांगली म्हणजे काम झालं?

नाही. इंग्लंडने २००९ ते २०११ या काळात मिशिगनसारखाच मोठा कार्यक्रम राबवला. प्रौढांच्या आयसीयूतला दर ३.७ वरून १.४८ वर आला. पण कार्यक्रमात अजून सामील न झालेल्या विभागांतही दर घसरतच होता. म्हणजे सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नव्हतं. संशोधकांनी आयसीयूत प्रत्यक्ष बसून पाहिलं, तेव्हा ज्या विभागांना हा वरून लादलेला आणखी एक सरकारी फॉर्म वाटला, तिथे लोकांनी तो मनावर घेतलाच नव्हता. शिवाय संसर्ग मोजायची पद्धतही प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी होती.

मोजण्याचा हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. संसर्ग सिद्ध करायला ब्लड कल्चर पाठवावं लागतं. जे रुग्णालय कल्चर पाठवतच नाही, तिथे कागदावर संसर्ग शून्य दिसतो. त्यामुळे "आमच्याकडे लाईन इन्फेक्शन होतच नाही" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर कल्चर किती पाठवता, हा पुढचा प्रश्न विचारायला हवा.

भारतातलं चित्र काय आहे?

आयसीएमआर आणि दिल्लीचं एम्स यांच्या पुढाकाराने देशातल्या रुग्णालयांचं एक जाळं हे मोजमाप करतं. २०१७ ते २०२४ या सात वर्षांत ५४ रुग्णालयांतल्या २०० आयसीयूंमधून आलेली माहिती 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाली. दर हजार लाईन-दिवसांमागे ८.८३ संसर्ग. सोप्या भाषेत, शंभर रुग्णांना प्रत्येकी दहा दिवस नळी ठेवली, तर त्यातल्या जवळपास नऊ जणांच्या रक्तात संसर्ग. कोविडच्या काळात हा दर आणखी वर गेला होता.

दुसरी काळजी जंतूंची. आपल्या आयसीयूंत क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर हे जंतू जास्त सापडतात आणि त्यांच्यावर अनेक महागडी अँटिबायोटिकंही चालेनाशी झाली आहेत. एका न घासलेल्या हबची किंमत त्यामुळे इथे जास्त मोजावी लागते. ती पैशांतही मोजावी लागते: आयसीयूतले वाढलेले दिवस आणि दिवसाला हजारोंची इंजेक्शनं.

मग नर्स नीट का करत नाहीत? हा प्रश्न विचारण्याआधी एक साधा हिशेब करू. समजा, एका रुग्णाची लाईन आठ तासांच्या पाळीत आठ वेळा उघडावी लागते. हब घासायला पंधरा सेकंद, वाळायला पंधरा सेकंद. म्हणजे एका रुग्णामागे चार मिनिटं. गंभीर रुग्णामागे एक नर्स असावी, असा निकष सांगितला जातो, आणि तेवढी माणसं असली तर ही चार मिनिटं काहीच नाहीत. पण रात्रपाळीला एकीकडे चार रुग्ण असतील तर नुसत्या हबसाठी सोळा मिनिटं जातात. त्यात दोन पंप वाजतायत, एका रुग्णाचं सक्शन करायचंय, नव्या अॅडमिशनचे कागद भरायचेत. पहिली काट कशाला लागणार, हे उघड आहे. अमेरिकेतल्या एका शस्त्रक्रिया-आयसीयूत नव्वदच्या दशकात लाईन-संसर्गाची साथ आली होती. रुग्ण वाढत गेले आणि त्यामानाने नर्स कमी पडल्या, हे तिचं एक मोठं कारण तपासात पुढे आलं. त्यामुळे प्रशिक्षणाची शिबिरं हवीतच. पण रिकाम्या जागा न भरता शिबिरं घेत राहणं म्हणजे दोष नर्सच्या माथी मारण्याची सोय आहे.

नातेवाइकांनी काय पाहावं?

आयसीयूत भेटायला गेल्यावर नळीला, थ्री-वेला हात लावू नये, हे पहिलं. ड्रेसिंग ओलं किंवा सुटलेलं दिसलं, त्यावर तारीख नसली, तर सिस्टरना सांगावं. "सिस्टर, ही कड उचललेली दिसतेय" एवढं पुरतं, आवाज चढवायची गरज नसते. नळीच्या जागी लाली, पू, दुखणं, किंवा औषध सुरू केल्यावर एकदम हुडहुडी भरली, तर तेही लगेच कानावर घालावं.

पिक लाईन घेऊन घरी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणारे कितीतरी रुग्ण धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत राहतात आणि केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये ही नळी दंडावर असते. अंघोळ करताना तिथे प्लास्टिक नीट गुंडाळावं, बादलीतलं पाणी त्या हातावर ओतू नये. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, जड पिशवी उचलू नये. आठवड्याचं ड्रेसिंग आणि फ्लश बरं वाटतंय म्हणून चुकवू नये, आणि ते ओळखीच्या कुणाकडून नाही, तर प्रशिक्षित नर्सकडूनच करून घ्यावं. हात सुजला किंवा नळी आधीपेक्षा जास्त बाहेर आलेली दिसली, तर ती आत ढकलू नये, थेट रुग्णालय गाठावं.

रोज विचारावा असा प्रश्न एकच आहे: "ही लाईन आज लागतेय का?" रक्तदाबाचं औषध बंद होऊन दोन दिवस झाले, रुग्ण तोंडाने जेवतोय, तरी "असू दे, रक्त काढायला बरी पडते" म्हणून नळी तशीच राहते. चांगल्या आयसीयूत हा प्रश्न सकाळच्या राउंडला नर्सच विचारते.

आणि उत्तर "नाही" आलं, तरी नळी ओढून काढली आणि झालं, असं नसतं. बसलेल्या रुग्णाची मानेतली नळी काढली तर श्वास आत घेताना त्या भोकातून हवा शिरेत खेचली जाऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून रुग्णाला सपाट झोपवतात, श्वास रोखायला सांगतात, नळी काढताक्षणी जागा दाबून धरतात, किमान पाच मिनिटं. त्यावर हवाबंद ड्रेसिंग लावतात, ते दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवतात. रुग्णाला पुढचा अर्धा तास उठू देत नाहीत. निघालेली नळी टोकापर्यंत अख्खी आहे ना, हे नर्स पाहते आणि केसपेपरवर वेळ लिहिते.